स्टुडिओ बी मधला दीड तास : ‘अमेरिकन बँडस्टँड’चे नाच, त्यांची पावलं आणि त्यांचे खरे धनी

फिलाडेल्फियात पेन किंवा ड्रेक्सेलमध्ये शिकणारी बरीच मराठी मुलं मार्केट स्ट्रीटवरच्या मेट्रोने ये-जा करतात. ४० व्या रस्त्याचं स्टेशन सुटलं की गाडी बोगद्यातून बाहेर पडून खांबांवर चढते आणि पुढचं स्टेशन येतं ४६ वा रस्ता. तिथून हाकेच्या अंतरावर ४५४८ मार्केट स्ट्रीट ही इमारत आहे. आज तिथे लहान उद्योजकांना मदत करणारं ‘एंटरप्राइझ सेंटर’ आहे. १९५० च्या दशकात तिथे डब्ल्यूएफआयएल हे टीव्ही केंद्र होतं आणि त्याच्या स्टुडिओ बी मध्ये शाळा सुटल्यावर पोरं नाचत. त्या नाचाचं थेट प्रक्षेपण म्हणजे ‘बँडस्टँड’.

या कार्यक्रमावर लिहिताना लोक पाहुण्या गायकांची यादी देतात आणि थांबतात. मला त्यातल्या पावलांबद्दल लिहायचं आहे. हा कार्यक्रम देशभर पसरला तो त्या नाचांमुळे. पडद्यावर बघून, गुरूशिवाय, घरच्या जमिनीवर ते शिकता येत होते. आणि ते नाच कुणाचे होते, हे पडद्यावर कधीच सांगितलं गेलं नाही.

आधी जागा बघू. स्टुडिओ बी ८० फूट लांब, ४२ फूट रुंद आणि २४ फूट उंच होता, म्हणजे ३,३६० चौरस फूट. त्यातून पोरांना बसायच्या लाकडी पायऱ्या, निवेदकाचं टेबल, गायकाची जागा, कॅमेरे आणि त्यांच्या जाड केबली वजा करा. निम्मी जागा नाचाला उरली असं धरलं तर जेमतेम १,७०० चौरस फूट. जिटरबग हा जलद जोडीनाच करणाऱ्या जोडीला हात लांबवून फिरायला निदान ६ बाय ६ फूट लागतात. म्हणजे पंचेचाळीसच्या वर जोड्या उतरल्या की कोपरं लागणार. पडद्यावर ती गर्दी मस्त दिसते, पण नाचणाऱ्यांना पावलं आखडूनच टाकावी लागत. बँडस्टँडची शैली सभागृहातल्या स्विंग नाचापेक्षा आटोपशीर दिसते त्याचं एक कारण ही जागा असावी, असं मला वाटतं.

सुरुवातीला तर नाच मुख्य नव्हताच. बॉब हॉर्न या रेडिओ निवेदकाला टीव्हीवर आणलं तेव्हा गाण्यांच्या छोट्या फिल्म दाखवायची कल्पना होती. ती रुचली नाही. ऑक्टोबर १९५२ पासून पोरांना आत घेऊन रेकॉर्ड लावायला सुरुवात झाली आणि लोक गाण्यापेक्षा पोरांकडे बघू लागले. १९५६ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणानंतर हॉर्नला काढलं आणि जुलैत त्याच्या जागी निवेदक म्हणून २६ वर्षांचा डिक क्लार्क आला. ५ ऑगस्ट १९५७ ला एबीसी या देशव्यापी टीव्ही जाळ्याने कार्यक्रम ६७ केंद्रांवर, देशभर नेला. नावाआधी ‘अमेरिकन’ लागलं ते तेव्हा.

आत जाण्याचे नियम कडक होते. वय १४ पूर्ण हवं, १८ झालं की बाहेर. मुलांना कोट-टाय किंवा स्वेटर-टाय. मुलींना पँट, घट्ट स्वेटर, खोल गळा चालत नसे. आत च्युइंगगम नाही. (क्लार्कचा शनिवार रात्रीचा वेगळा कार्यक्रम न्यूयॉर्कहून होई आणि त्याचा प्रायोजक मात्र च्युइंगगमवाला होता.) जवळच्या कॅथलिक शाळेच्या मुलींना गणवेशात टीव्हीवर दिसायला मनाई होती, म्हणून त्या वर स्वेटर चढवून येत आणि आतल्या गणवेशाची गोल कॉलर तेवढी बाहेर दिसे. देशभरच्या मुलींना ती फिलाडेल्फियाची फॅशन वाटली आणि तशा कॉलरी वापरात आल्या.

आता जिटरबग. रोजच्या जलद गाण्यांवर हाच चाले. मूळ आवर्तन सहा मात्रांचं. मुलाचा डावा पाय डावीकडे, दोन मात्रा. उजवा पाय उजवीकडे, दोन मात्रा. मग डावा पाय मागे, एक मात्रा. पुढच्या मात्रेला वजन परत उजव्या पायावर. मुलीचं सगळं आरशातल्यासारखं उलट, म्हणजे उजव्याने सुरुवात. झालं. फिरक्या, हात बदलणं, पाठीमागून जाणं हे सगळं या सहा मात्रांच्या आतच बसवायचं.

नवशिक्यांची पहिली अडचण गणिताची. गाण्याची ओळ आठ मात्रांची आणि पावलांचं आवर्तन सहाचं. दुसऱ्या आवर्तनाला पाऊल ओळीच्या मधेच सुरू होतं आणि माणूस घाबरून थांबतो. थांबायचं नाही. चार आवर्तनं म्हणजे चोवीस मात्रा, आठाच्या तीन ओळी. चौथं आवर्तन संपलं की पुढच्या मात्रेवर सम आपोआप सापडते. ज्यांनी तबल्यावर तिहाई मोजली आहे त्यांना हे सांगावंही लागणार नाही.

दुसरी अडचण मागच्या पावलाची. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात पूर्ण आवर्तन दोन सेकंदात संपतं, म्हणजे मागे जाऊन परत यायला मिळून सेकंदाच्या दोन तृतीयांश एवढाच वेळ. पाऊल लांब टाकलं की धड मागे जातं, जोडीदार ओढला जातो आणि परतीचं पाऊल उशिरा पडतं. मागचं पाऊल स्वतःच्या तळव्याएवढंच लहान टाकायचं, टाच टेकवायची नाही, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे. हात कमरेच्या उंचीवर. मुलाने अंगठ्याने पकड आवळायची नाही, बोटांचा आकडा करून तेवढाच आधार द्यायचा. अंगठा आवळला की फिरकीत मनगट मुरगळतं.

जोडीदार नसलेली मुलं-मुली टीव्हीसमोर दाराची मूठ किंवा फ्रीजचं हँडल धरून सराव करत. ही युक्ती खरोखर शास्त्रशुद्ध आहे. मूठ जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असते, म्हणजे जोडीदाराच्या हाताच्या उंचीवरच. दार बंद असेल तर ती अजिबात हलत नाही, त्यामुळे तुम्ही किती ओढता ते लगेच कळतं. दार खडखडलं तर तुम्ही ओढताय. आवाज न होता दहा-बारा आवर्तनं झाली की माणसाबरोबर नाचायला हरकत नाही. फ्रीजच्या बाबतीत मात्र दार उघडतं आणि आतलं दूध सांडतं, म्हणून दारच बरं.

स्ट्रोल हा याच्या अगदी उलट, संथ नाच. मुलं एका ओळीत, मुली समोरच्या ओळीत, मधे सहा-सात फुटांची गल्ली. सगळे जागच्या जागी एकच पाऊल करत राहतात. टोकाची जोडी मधे येते, गल्लीतून आपल्या पद्धतीने चालत दुसऱ्या टोकाला जाते आणि पुन्हा ओळीत मिसळते. ओळ एक घर सरकते, पुढची जोडी निघते.

ओळीतलं पाऊल अनेक तऱ्हांनी सांगितलं जातं. सर्वांत सोपी तऱ्हा अशी : उजव्या पायाचा चवडा समोर तिरका टेकवा आणि थांबा, पुन्हा टेकवा आणि थांबा. मग तोच पाय डाव्याच्या मागून, डावा बाजूला, उजवा पुढून आणि थांबा. आता हेच सगळं डाव्या पायाने, उलट दिशेला. गाण्यात एका ठोक्याच्या पोटात तीन छोटे ठोके असतात, दादऱ्यासारखी झोकदार चाल. बहुतेकांचं चुकतं ते इथे. ‘थांबा’च्या जागी ते खरंच ताठ थांबतात आणि नाच कवायतीसारखा दिसतो. थांबताना पाय थांबतो, नितंब आणि खांदे त्या तीन छोट्या ठोक्यांवर सैल हलत राहतात. दुसरी चूक म्हणजे घाई. गल्लीतल्या जोडीने भराभरा पलीकडे गेलं तर ओळीला सरकायला वेळ मिळत नाही आणि टोकाला गर्दी होते. गल्लीतलं प्रत्येक पाऊल ओळीच्या पावलाइतकंच सावकाश हवं.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने स्ट्रोलची रचना फारच सोयीची होती. जिटरबगमध्ये कॅमेऱ्याला जोड्या शोधाव्या लागत. लाल दिवा कुठल्या कॅमेऱ्यावर लागलाय हे ओळखून त्यासमोर सरकायचं कसब रोज येणाऱ्या पोरांकडे होतं, आणि त्यामुळे तेच ते चेहरे दिसत. स्ट्रोलमध्ये कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी उभा केला की प्रत्येक जोडी आपल्या पायाने त्याच्यासमोर येते. आधी पोरं हा नाच चक विलिसच्या ‘सी. सी. रायडर’वर करत. मग क्लार्कच्या सूचनेवरून ‘द डायमंड्स’ या कॅनडाच्या गटाने १९५७ च्या शेवटी ‘द स्ट्रोल’ नावाचं गाणंच काढलं. नाच आधी, गाणं नंतर.

पण नाच आला कुठून? फिलाडेल्फियापासून सुमारे ५० किलोमीटरवर डेलावेअरमधलं विल्मिंग्टन. तिथल्या डब्ल्यूपीएफएच केंद्रावर १९५५ पासून मिच थॉमस हा कृष्णवर्णीय निवेदक कृष्णवर्णीय मुलामुलींचा नाचाचा कार्यक्रम करत असे. तो फिलाडेल्फियातही दिसे. बँडस्टँडवरची गोरी पोरं तो बघत, पावलं उचलत आणि स्टुडिओ बी मध्ये करून दाखवत. स्ट्रोल असा आला. ‘स्ट्रँड’ नावाचा संथ नाचही असाच आला. तो टीव्हीवर गाजवणाऱ्या एका जोडीने पुढे उघड सांगितलं की आम्ही तो कृष्णवर्णीय मुलांकडून शिकलो होतो, पण तेव्हा तसं सांगण्याची सोय नव्हती. थॉमसचा कार्यक्रम १९५८ मध्ये बंद पडला. त्याला देशभरचं जाळं कधी मिळालं नाही.

बँडस्टँड ज्या पश्चिम फिलाडेल्फियात होत असे तिथे कृष्णवर्णीय वस्ती वाढत होती. गायक म्हणून कृष्णवर्णीय कलाकार येत. देशभरच्या पहिल्या भागातच बिली विल्यम्स होते. नाचायला मात्र त्या वस्तीतल्या मुलांना आत शिरणं फार कठीण होतं. पत्र पाठवून प्रवेशिका मागवायची पद्धत होती आणि पत्रावरचं नाव-पत्ता पाहून गाळणी लागे. काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी म्हणून आयरिश, पोलिश, इटालियन आडनावांनी पत्रं पाठवली, प्रवेशिका मिळवल्या आणि दारात जाऊन उभे राहिले. आडनावावरून दार उघडणं-मिटणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून द्यायची गरज नाही. क्लार्क पुढे अनेकदा म्हणत की आपण १९५७ पासूनच भेदभाव संपवला. इतिहासकारांनी त्या काळची पत्रं, वर्तमानपत्रं, छायाचित्रं तपासली तेव्हा फिलाडेल्फियाच्या वर्षांपुरता हा दावा टिकला नाही. १९५७ च्याच उन्हाळ्यात एबीसीवरच रेडिओ निवेदक ॲलन फ्रीडच्या ‘द बिग बीट’ मध्ये कृष्णवर्णीय गायक फ्रँकी लायमन एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला, दक्षिणेतल्या केंद्रांनी ओरड केली आणि तो कार्यक्रम बंद झाला. बँडस्टँडच्या दारावर पहारा कशासाठी होता ते यावरून समजतं. त्या नाचांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्यांच्या धन्यांची नावं पुसली गेली याचा राग येतो.

जागा नसेल तेव्हाचा एक नाच : हँड जाइव्ह. बसल्या बसल्या, फक्त हातांनी. मांड्यांवर दोन थापा, दोन टाळ्या, उजवा तळहात डाव्यावरून दोनदा, डावा उजव्यावरून दोनदा, उजवी मूठ डाव्या मुठीवर दोनदा, डावी उजव्या मुठीवर दोनदा, उजवा अंगठा खांद्यावरून मागे दोनदा, डावा दोनदा. सोळा ठोके. जॉनी ओटिसचं १९५८ चं गाणं यासाठीच आहे. लहान मुलांना पाच मिनिटांत येतो.

पाहुणे गायक स्टुडिओत प्रत्यक्ष गात नसत. रेकॉर्ड लावायची आणि गायकाने ओठ हलवायचे. आपल्याला पडद्यावरच्या प्लेबॅकची सवय आहे, त्यामुळे यात वावगं वाटत नाही. कारणंही सरळ होती : वादकांचा खर्च वाचे, ध्वनिमुद्रणाची सामग्री लागत नसे आणि पोरांना घरच्या रेकॉर्डवर असतो तोच ताल मिळे. शेवटचं कारण नाचासाठी महत्त्वाचं. गायकाने प्रत्यक्ष गाताना लय थोडी वाढवली तर पाठ केलेल्या फिरक्या बसत नाहीत. फजिती होई ती शेवटाला. त्या काळची बरीच गाणी आवाज हळूहळू कमी होत संपतात. तबकडीवर ते छान वाटतं, पण समोर उभ्या गायकाने तेव्हा करायचं काय? तोंड चालू, आवाज विझत चाललेला. चतुर गायक शेवटच्या ओळी म्हणत म्हणत मागे वळून पोरांमध्ये मिसळत, नाहीतर कॅमेराच नाचणाऱ्यांकडे वळवावा लागे.

रेकॉर्डला गुण देण्याचा भाग सगळ्यांच्या लक्षात आहे. नवी रेकॉर्ड वाजवायची, एक-दोन पोरांनी ३५ ते ९८ या मर्यादेत गुण द्यायचे. ‘ताल छान आहे, नाचता येतं’ हे तिथलं ठरलेलं वाक्य, आणि त्याची आजही चेष्टा होते. मला ते प्रामाणिक वाटतं. पोरं गाण्याचं साहित्यमूल्य ठरवत नव्हती, जमिनीवर ते चालेल का एवढंच सांगत होती. १९५८ मध्ये ‘द चिपमंक साँग’ला सगळ्यांनी तळाचे ३५ दिले आणि तेच गाणं त्या डिसेंबरात देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. पोरं चुकली असं म्हणतात. पण ते गाणं तीन मात्रांच्या वॉल्ट्झ चालीत आहे. त्यावर जिटरबग नाचून बघा, तिसऱ्या पावलाला अडखळाल. नाचाचं परिमाण लावलं तर ३५ बरोबरच होते. १९६३ च्या शरदात बीटल्सच्या ‘शी लव्ह्ज यू’ला ७३ मिळाले, तिथे मात्र अंदाज चुकला हे खरं.

ट्विस्ट १९६० चा. मूळ गाणं हँक बॅलर्डचं, एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं. क्लार्कला ते कार्यक्रमासाठी हवं होतं. फिलाडेल्फियाच्या कॅमिओ-पार्कवे कंपनीने स्थानिक मुलगा अर्नेस्ट इव्हान्स याच्याकडून हुबेहूब गाऊन घेतलं. हा कोंबड्यांच्या दुकानात काम करणारा मुलगा. त्याचं ‘चबी चेकर’ हे नाव क्लार्कच्या पत्नीने फॅट्स डॉमिनो या गायकाच्या नावावरून सुचवलेलं. ६ ऑगस्ट १९६० ला क्लार्कच्या शनिवारच्या कार्यक्रमात त्याने ते गाऊन-नाचून दाखवलं. सप्टेंबरात गाणं पहिल्या क्रमांकावर आणि जानेवारी १९६२ मध्ये तेच गाणं पुन्हा पहिलं.

चेकर नाच असा समजावत असे : दोन्ही पायांनी सिगारेट विझवताय आणि आंघोळीनंतर टॉवेलने पाठीमागून अंग पुसताय, असं समजा. एवढ्यात जवळजवळ सगळं आलं. उरलेलं सांगतो. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, एक पाय किंचित पुढे. वजन चवड्यांवर. गुडघे वाकलेले. नितंब एका बाजूला वळताना हात दुसऱ्या बाजूला. खाली बसत जायचं तर वजन मागच्या पायावर आणायचं, पुढची टाच उचलायची.

तेव्हा ट्विस्टने गुडघे आणि कंबर दुखावल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या. कारण पायात शोधा. टाच टेकलेली असली किंवा बुटाचा तळ रबरी असला की पाऊल जमिनीला चिकटतं, वरचं अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. चामडी तळाचे बूट आणि गुळगुळीत फरशी हवी. घरी करायचं तर सुती मोजे घालून लादीवर करा, पण गालिच्यावर नको. आणि मान ताठ ठेवून खांदे नितंबांच्याच दिशेने वळवले की नाच होत नाही, नुसतं अंग हेलकावतं.

ट्विस्टने बँडस्टँडचं एक मोठं काम सोपं केलं : जोडीदार लागेना, हात धरावा लागेना, जागा दोन फूट बाय दोन फूट पुरली. पण त्यानंतरच्या नाचांत जोडीची कारागिरी हळूहळू संपली, हेही तितकंच खरं.

याच सुमाराला पैसे घेऊन रेकॉर्ड वाजवण्याच्या प्रकरणाची चौकशी झाली. १९६० च्या वसंतात क्लार्कला संसदीय उपसमितीपुढे साक्ष द्यावी लागली. संगीतधंद्यातल्या ३३ व्यवसायांत त्याचे हितसंबंध असल्याचं पुढे आलं. एबीसीच्या अटीप्रमाणे त्याने ते सोडले आणि कार्यक्रम टिकला. ॲलन फ्रीडची कारकीर्द मात्र संपली.

सप्टेंबर १९६३ मध्ये रोजचा कार्यक्रम फक्त शनिवारचा झाला आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. तिथे एका बैठकीत अनेक भाग चित्रित होऊ लागले. ऑक्टोबर १९८९ पर्यंत तो चालला, त्यात मोठमोठे गायक आले, पण शाळा सुटून धावत येणाऱ्या पोरांचा रोजचा थेट दीड तास उरला नाही. स्ट्रोलची गल्ली मात्र ‘सोल ट्रेन’मध्ये जिवंत राहिली. १९७० मध्ये शिकागोत डॉन कॉर्नेलियस या कृष्णवर्णीय निवेदकाने सुरू केलेल्या त्या कार्यक्रमाची प्रसिद्ध ओळ बघा : दोन रांगा, मधे वाट, जोडीने यायचं आणि कॅमेऱ्यासमोरून जायचं. ज्यांचा नाच होता त्यांच्याकडे तो परत आला.

जुनी चित्रफीत बघून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. फिलाडेल्फियाच्या काळातले फार थोडे भाग उरले आहेत, तेही बहुतेक टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेले. टीव्हीच्या सेकंदाला ३० चौकटी, फिल्मच्या २४. जलद पाऊल त्यात पुसट होतं किंवा गाळलंच जातं. पडद्याच्या कडाही कापल्या जातात, त्यामुळे नेमके पायच चौकटीबाहेर जातात. म्हणून आधी डोळे मिटून गाणं ऐका आणि सहा-सहा मात्रा मोजा. मग नाचणाऱ्यांचे गुडघे बघा. गुडघा सरळ होतोय तो पाय वजन घेतोय, वाकलेला पाय मोकळा आहे. एकच जोडी निवडा, ती कॅमेऱ्यातून बाहेर गेली तरी मोजणं सोडू नका. आणि सुरुवात स्ट्रोलपासून करा. तो संथ आहे, त्यात चौकट गळली तरी पाऊल हरवत नाही.